पहिली उमेदवारी

दोन वर्षांपूर्वीं उन्हाळ्याच्या सुटींत माझा एक जुना विद्यार्थी पाथरीस माझ्या घरीं आला. इंजिनियरिंग कॉलेजांतील त्याचें पहिलें वर्ष नुकतेंच संपलें होतें. वडील कोरडवाहू शेती करणारे. घरांत इंजिनियर तर राहोच, पदवीधर देखील आजवर कोणी झालेला नाहीं. नमस्कार करून तो बसला आणि खिशांतून एक घडी घातलेला कागद काढून त्यानें माझ्यापुढें ठेवला. त्यावर तेवीस कारखान्यांचीं नांवें होतीं. त्यांपैकीं बावीस ठिकाणीं त्यानें अर्ज पाठविले होते. मागणें फार मोठें नव्हतें. सुटीचे दीड-दोन महिने मी बिनपगारी काम करावयास तयार आहें, मला यंत्रांपाशीं उभें राहूं द्या, इतकेंच. एकवीस ठिकाणांहून उत्तरच आलें नाहीं. एका ठिकाणाहून नकार आला, आणि निदान नकार तरी आला म्हणून तो त्यांचे उपकार मानीत होता. तेविसाव्या कारखान्याच्या दारांत तो स्वतः जाऊन उभा राहिला. तेथील गृहस्थांनीं त्याला एकच प्रश्न विचारला : "तुला कोणीं पाठविलें?"

"गुरुजी, मला कोणींच पाठविलें नव्हतें," तो म्हणाला, "मग मी काय सांगणार?"

त्या वेळीं मला कांहीं उत्तर सुचलें नाहीं. माझें स्वतःचें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें. सारें आयुष्य शाळेंत इतिहास आणि गणित शिकविण्यांत गेलें. कारखान्याचें दार कोणत्या बाजूनें उघडतें हें मला कोठून ठाऊक असणार? पण इतिहासाच्या शिक्षकाला एक खोड असते. प्रश्न आजचा असला तरी तो मागें वळून पाहतो कीं, हाच प्रश्न पूर्वीं कोणाकोणाला पडला होता आणि त्यांनीं त्याची वाट कशी लाविली. मुलगा गेल्यावर मीं तसाच शोध घेतला. त्या शोधांत जें हातीं लागलें तें आज आपणांपुढें ठेवीत आहें.

विद्यार्थी ज्याला हल्लीं इंटर्नशिप म्हणतात त्याला मराठींत एक जुना, भारदस्त शब्द आहे. तो म्हणजे उमेदवारी. आज उमेदवार म्हटला कीं डोळ्यांपुढें निवडणूक, मिरवणूक आणि हात जोडलेलें छायाचित्र उभें राहतें. परंतु हा अर्थ मागाहून आला. मूळ शब्द फारसी. उमेद म्हणजे आशा, आणि उमेदवार म्हणजे आशा धरून बसलेला. कचेरींत बिनपगारी बसावें, वरिष्ठांच्या हाताखालीं अक्षर आणि हिशेब घोटावा, पडेल तें काम करावें, आणि एखादी जागा रिकामी होण्याची वाट पाहावी, याला आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढींत उमेदवारी करणें म्हणत. शब्द मोठा अर्थपूर्ण आहे. त्यांत काम आहे, शिकणें आहे, आशा आहे. पगार मात्र नाहीं. आणि आणखीही एक गोष्ट त्यांत नाहीं. उमेदवाराला पहिल्या दिवशीं आंत कोणीं घ्यावयाचें, याचा नियम त्यांत नाहीं. माझ्या विद्यार्थ्याचें घोडें नेमकें तेथेंच अडलें होतें.

याच्याही मागच्या काळीं दार उघडत असे तें जन्मानें. गांवगाड्यांत सुताराच्या मुलानें सुताराचा, लोहाराच्या मुलानें लोहाराचा धंदा उचलावा, कुलकर्ण्याच्या मुलानें दप्तर सांभाळावें, अशी रीत. वाडवडिलांच्या या हक्काची ओढ किती दांडगी असे याचें उदाहरण आमच्या पाथरीच्याच इतिहासांत सांपडतें. फिरिस्त्यानें लिहून ठेविलें आहे कीं, अहमदनगरच्या निजामशाही घराण्याचे पूर्वज मूळचे पाथरीचे ब्राह्मण कुलकर्णी. घराण्याचा धर्म बदलला, घराणें तख्तावर बसलें, तरी पूर्वजांचें गांव आपल्याकडे असावें ही इच्छा कांहीं गेली नाहीं. पाथरी त्या वेळीं वऱ्हाडच्या इमादशाहीकडे होती. मागून मिळेना, तेव्हां बुऱ्हाण निजामशाहानें इ. स. १५१८ मध्यें ती लढून घेतली. हातीं राज्य असलेल्या माणसालाही कुलकर्ण्याचें गांव सोडवेना!

जन्मानें धंदा ठरण्याच्या या पद्धतींत एक गुण होता, तो नाकारतां येणार नाहीं. लोहाराचा मुलगा सातव्या-आठव्या वर्षीं भात्याशीं बसे. लोखंड किती लाल झालें म्हणजे घण घालावयाचा आणि पाणी कधीं द्यावयाचें, हें त्याला पुस्तकांत वाचावें लागत नसे. रोज पाहून तें त्याच्या डोळ्यांत बसे. शिकणें आणि काम करणें यांच्यामध्यें भिंत नव्हती. पण दोषही तेवढाच मोठा. ज्याचा बाप लोहार नाहीं त्याला भात्याजवळ जागा नाहीं, आणि ज्याचा बाप लोहार आहे त्याची भात्यापासून सुटका नाहीं.

इंग्लंडांत जन्माच्या जागीं पैसा आला. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत तिकडे इंजिनियर होण्याचा रूढ मार्ग म्हणजे एखाद्या नांवाजलेल्या इंजिनियराच्या हाताखालीं करार करून राहणें. त्याबद्दल घरच्यांनीं त्या इंजिनियरास बरीच मोठी फी मोजावयाची. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचे मुख्य इंजिनियर जेम्स जॉन बर्कले हे असेच तयार झाले. आधीं एका इंजिनियराकडे करारानें, आणि पुढें सुप्रसिद्ध रॉबर्ट स्टीफन्सन यांच्या कचेरींत. ता. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास जी पहिली आगगाडी गेली, तिचा मार्ग याच बर्कले यांच्या देखरेखीखालीं तयार झाला होता. त्यांचें नांव ध्यानांत असूं द्यावें. तें थोड्याच वेळांत पुन्हां यावयाचें आहे.

आगगाडी आली, पाठोपाठ कालवे आणि पूल आले, आणि सरकारला माणसें हवींशीं झालीं. प्रत्येक मनुष्य विलायतेहून आणणें परवडण्यासारखें नव्हतें. म्हणून जुलै १८५४ मध्यें पुण्यास 'पूना इंजिनियरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल' या नांवाची शाळा उघडण्यांत आली. उद्देश कांहीं फार उदात्त नव्हता. इमारती, बंधारे, कालवे, रेल्वे आणि पूल यांच्या कामांवर दुय्यम दर्जाचे अधिकारी तयार करावे, एवढाच. परंतु त्यांतून जें निघालें तें उद्देशाहून मोठें होतें. बापाचा धंदा कोणता आणि बापाची ओळख कोणाशीं, हें न विचारतां परीक्षेंत काय केलेंस एवढेंच विचारणारें दार, निदान नियमानें तरी, आपल्या मुलखांत उघडलें. त्या शाळेचें पुढें कॉलेज झालें, मुंबई विद्यापीठाची एल. सी. ई. ही पदवी तेथें मिळूं लागली, आणि २०२२ सालापासून तेंच कॉलेज स्वतंत्र तंत्रशास्त्र विद्यापीठ झालें आहे.

त्या दारानें आंत गेलेल्या एका विद्यार्थ्याची हकीकत सांगतों. म्हैसूर संस्थानांतील एका खेड्यांत त्याचा जन्म. वडिलांचें छत्र लवकरच हरपलें. बंगळूरास दुसऱ्यांच्या मुलांच्या शिकवण्या करून तो बी. ए. झाला आणि म्हैसूर सरकारची शिष्यवृत्ति मिळवून पुण्याच्या कॉलेजांत आला. १८८३ सालीं एल. सी. ई.च्या परीक्षेंत तो मुंबई इलाख्यांत पहिला आला, आणि जेम्स बर्कले यांच्या नांवाचें पारितोषिक त्याला मिळालें. पहा, योग कसा असतो तो. ज्यांच्या काळीं इंजिनियराच्या कचेरींत शिरावयास फी मोजावी लागे, त्यांच्या नांवाचें पारितोषिक शिकवण्यांवर शिकलेल्या एका पोरक्या मुलाच्या हातीं पडलें! हा विद्यार्थी म्हणजे मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. परीक्षेंत पहिल्या येणाऱ्यास सरकारी नेमणूक देण्याचा तेव्हां शिरस्ता होता. त्याप्रमाणें १८८४ सालीं मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यांत ते असिस्टंट इंजिनियर झाले. "तुला कोणीं पाठविलें?" असें त्यांना त्या दाराशीं कोणीं विचारलें नाहीं. विचारण्याचें कारणच नियमानें ठेविलें नव्हतें.

त्यांच्या नोकरीच्या आरंभीचीच एक गोष्ट आहे. खानदेशांत नळाचा सायफन बांधून पाणी पलीकडे नेण्याचें काम त्यांजकडे आलें. पावसाळा जोरांत होता. काम पुढें ढकलावें असें या नवख्या इंजिनियरानें वरिष्ठांस कळविलें. वरिष्ठांस तें रुचलें नाहीं. तेव्हां त्यांनीं पुराशीं आणि चिखलाशीं झगडून तें काम पुरें केलें. एल. सी. ई.च्या परीक्षेंत पहिला आलेला विद्यार्थी खरा, पण प्रश्नपत्रिकेंत पुराचें पाणी कधीं नसतें. तें शिक्षण कामावरच मिळावयाचें.

याच विश्वेश्वरय्यांचा पुढें आमच्या राज्याशींही संबंध आला. ता. २८ सप्टेंबर १९०८ रोजीं मुसी नदीला महापूर येऊन हैदराबाद शहराची मोठी हानि झाली. दुसऱ्या वर्षीं निजाम सरकारनें त्यांना सल्ल्यासाठीं बोलाविलें, आणि त्यांच्या योजनेंतून उस्मानसागर व हिमायतसागर हे तलाव पुढें बांधले गेले. आतां आपण असा विचार करून पाहूं. त्याच सुमारास पाथरीच्या एखाद्या हुशार मुलाला आपणही असें कांहीं बांधावें असें वाटलें असतें, तर त्यानें कोठें जावयाचें होतें? परभणी जिल्हा तेव्हां निजामाच्या राज्यांत. १९०० सालीं हैदराबाद-मनमाड रेल्वे पुरी झाली खरी, पण पाथरीच्या वाट्यास स्टेशन आलें नाहीं. जवळचें म्हणजे मानवत रोड. पुण्याचें कॉलेज ब्रिटिश मुलखांतलें, आमच्या मुलाला तें परराज्यच. हैदराबादेस १९१८ सालीं उस्मानिया विद्यापीठ निघालें, १९२९ सालीं त्याचें इंजिनियरिंग कॉलेजही निघालें. देशी भाषेंतून उच्च शिक्षण देण्याचा तो प्रयोग धाडसाचा होता, हें मान्य केलें पाहिजे. परंतु ती देशी भाषा उर्दू होती. घरीं मराठी बोलणाऱ्या शेतकऱ्याच्या मुलाला आधीं भाषेचा उंबरठा ओलांडावा लागे आणि मग गणिताचा.

ता. १७ सप्टेंबर १९४८ रोजीं हैदराबाद संस्थानांतील निजामाची राजवट संपली. त्यानंतर औरंगाबादेस, म्हणजे आतांच्या छत्रपति संभाजीनगरास, सरकारी इंजिनियरिंग कॉलेज निघालें तें १९६० सालीं. पुण्याची शाळा १८५४ ची. दोहोंमध्यें १०६ वर्षें. आमच्या भागांतील मुलाच्या ओळखीपाळखींत इंजिनियर कां नाहीं, असा प्रश्न कोणी विचारला तर मी हा आंकडा सांगतों. पुण्यामुंबईच्या एखाद्या घरांत चार पिढ्या इंजिनियर होऊन गेले, तेव्हां आमच्याकडे पहिली पिढी प्रवेशाचा फॉर्म भरीत होती. ओळख ही देखील एक प्रकारें वडिलोपार्जित इस्टेटच आहे, आणि ती आमच्या मुलांना कोणीं ठेवून दिलेली नाहीं.

येथवर दार कोणीं उघडावयाचें हें पाहिलें. आतां तें कधीं उघडावें, हें पाहूं. कारण पुष्कळ सुज्ञ माणसें म्हणतात कीं, पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या पोराला कारखान्यांत काय कळतें? आधीं पदवी घेऊं द्या, मग काम.

किर्लोस्करवाडीचे संस्थापक लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचें उदाहरण या बाबतींत बोलकें आहे. ते मुंबईस जे. जे. कलाशाळेंत चित्रकला शिकावयास गेले. दोन वर्षांनीं ध्यानांत आलें कीं, आपल्या डोळ्यांना रंगांतील भेद नीट कळत नाहींत. दुसरा एखादा घरीं परत गेला असता. त्यांनीं रंग सोडले आणि यांत्रिक आकृत्या काढण्याचें शिक्षण धरलें. त्या जोरावर व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें ते ड्रॉइंगचे शिक्षक झाले, आणि फावल्या वेळांत तेथल्याच कार्यशाळेंत यंत्रें हाताळूं लागले. त्यांना तें काम कोणीं नेमून दिलें नव्हतें. शिक्षकानें आपली उमेदवारी आपणच लावून घेतली होती. १९१० सालीं औंध संस्थानच्या माळरानावर त्यांनीं कारखाना उभारला आणि लोखंडी नांगर घडविले. त्या नांगराचें मूळ कार्यशाळेंतल्या त्या फावल्या तासांत आहे.

अमेरिकेंत हाच विचार एका प्राध्यापकानें पद्धतीला नेऊन पोंचविला. सिनसिनाटी विद्यापीठाचे हर्मन श्नायडर यांनीं १९०६ सालीं अवघे २७ विद्यार्थी घेऊन असा क्रम सुरू केला कीं, विद्यार्थ्यानें एक आठवडा वर्गांत बसावें आणि एक आठवडा कारखान्यांत काम करावें. पदवीनंतर काम अशी त्यांची योजना नव्हती. पदवीच्या आरंभापासूनच काम. जें वर्गांत ऐकावें तें पुढच्या आठवड्यांत हातानें करून पाहावें, आणि हातानें करतांना जें अडेल तें घेऊन पुन्हां वर्गांत यावें. आमच्या लोहाराच्या भात्याजवळची शाळाच ती. मात्र तींत बाप लोहार असण्याची अट नव्हती. ही पद्धत पुढें अनेक देशांत पसरली.

आपल्या देशांतही तसा एक प्रयोग झाला. बिहारमधील जमालपूर येथें १८६२ सालीं स्थापन झालेला रेल्वेचा मोठा कारखाना आहे. १९२७ सालीं तेथें एक योजना सुरू झाली. इंटरच्या वयाचीं मुलें उघड्या स्पर्धापरीक्षेनें निवडावीं आणि त्यांना कारखान्यांत ठेवूनच इंजिनियर करावें. कॉलेजांत पाऊल टाकण्याच्या वयांतच मुलगा यंत्रांपाशीं जाई, तोही ओळखीनें नव्हे तर गुणांनीं. रेल्वेचे अनेक नामांकित अधिकारी त्या योजनेंतून निघाले. अलीकडे ती परीक्षा बंद झाली. जागा मूठभरच होत्या, हें खरें. परंतु दार लवकर उघडावें आणि नियमानें उघडावें, या दोन्ही गोष्टी एकत्र नांदूं शकतात, एवढें तिनें दाखवून दिलें.

स्वातंत्र्यानंतर संसदेनें १९६१ सालीं शिकाऊ उमेदवारांचा कायदा केला. ठराविक आकाराच्या कारखान्यांनीं ठराविक प्रमाणांत शिकाऊ उमेदवार घेतलेच पाहिजेत आणि त्यांना विद्यावेतन दिलेंच पाहिजे, असें त्यानें बंधन घातलें. १९७३ सालच्या दुरुस्तीनें पदवीधर आणि पदविकाधारक इंजिनियरही त्यांत आले, आणि त्यांच्या किमान विद्यावेतनाचा अर्धा भार केंद्र सरकारनें उचलला. बिनपगारी आशेवर बसणाऱ्या जुन्या उमेदवाराला कायद्यानें पगार दिला आणि हक्काची जागा दिली, ही गोष्ट लहान नव्हे. पण ही सोय इंजिनियरांच्या बाबतींत मुख्यतः शिक्षण संपल्यानंतरची. शिकत असलेल्या मुलाचें काय? अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेनें २०१८ सालीं जो आदर्श अभ्यासक्रम प्रसिद्ध केला, त्यांत पदवीच्या शिक्षणाबरोबरच अशी उमेदवारी करण्यावर भर दिला आहे. विचार योग्यच आहे. परंतु श्रोतेहो, येथें एक मोठी फट राहिली. विद्यार्थ्यानें उमेदवारी केली पाहिजे असें अभ्यासक्रम म्हणतो; पहिल्या वर्षाच्या अनोळखी विद्यार्थ्याला कारखान्यानें आंत घेतलें पाहिजे असें मात्र कोणताच नियम म्हणत नाहीं. देणें एकाच्या माथीं आणि किल्ली दुसऱ्याच्या हातीं! मग ज्याचा मामा किल्लीवाल्याच्या ओळखीचा, त्याचें काम होतें. आणि इतर मुलें तेवीस नांवांचा कागद खिशांत घेऊन हिंडतात.

आतां मला एक गोष्ट कबूल करावयाची आहे.

मी शाळेंत असतांना जायकवाडीचें काम चाललें होतें. ता. १८ ऑक्टोबर १९६५ रोजीं लालबहादुर शास्त्री यांच्या हस्तें त्याचा पाया घातला गेला आणि ता. २४ फेब्रुवारी १९७६ रोजीं इंदिरा गांधी यांच्या हस्तें पैठणच्या धरणाचें उद्घाटन झालें. सुमारें दहा किलोमीटर लांबीचें तें मातीचें धरण, आणि त्याचा २०८ किलोमीटरांचा डावा कालवा आमच्या पाथरी तालुक्यांतून जातो. कालव्याची आंखणी चालली असतां तिपाईवर दुर्बीण लावून मोजणी करणारे लोक शिवारांत येत. आम्ही मुलें तासन् तास पाहत बसूं. एकदां त्यांतल्या एका सर्व्हेयरनें मला जवळ बोलाविलें, दुर्बिणींतून समोरची पट्टी वाचावयास सांगितली, आणि मीं आंकडा बरोबर सांगितला तेव्हां तो म्हणाला, "सुटीभर ये माझ्याबरोबर, पट्टी धरायला. शिकवीन सगळं." मीं घरीं विचारलें. वडील म्हणाले, "आधीं मॅट्रिक हो." मी मॅट्रिक झालों तोंपर्यंत मोजणीवाले पुढच्या तालुक्यांत गेले होते. वडिलांचा दोष नाहीं. त्यांनीं आपल्या परीनें माझें हितच पाहिलें.

दोष माझा आहे, कारण तेंच वाक्य मीं पुढें जन्मभर इतरांना ऐकविलें. पुष्कळ वर्षांपूर्वीं डिप्लोमाच्या पहिल्या वर्षांत गेलेला माझा एक विद्यार्थी विचारावयास आला होता कीं, सुटींत एका वर्कशॉपमध्यें बसूं काय? मीं त्याला म्हटलें, "आधीं परीक्षा पास हो, काम कोठें पळून जात नाहीं." तो आज्ञाधारक होता. त्यानें परीक्षा दिल्या, चांगल्या रीतीनें दिल्या. पण यंत्राला हात लावण्याची वेळ आली तेव्हां हाताखालचीं माणसें त्याच्यापेक्षां जाणतीं निघालीं आणि त्याचा धीर खचला. त्यानें तें क्षेत्रच सोडलें. भेटला म्हणजे अजून आदरानें वांकून नमस्कार करतो, आणि तो नमस्कार मला जड जातो.

म्हणून त्या तेवीस कारखान्यांच्या मुलाला तेंच वाक्य पुन्हां सांगण्याचें मला धैर्य झालें नाहीं. मीं त्याला विचारलें, "आपल्या तालुक्यांत यंत्रें कोठें कोठें आहेत, तें मला सांग पाहूं." आम्ही दोघांनीं त्याच कागदाच्या पाठीमागें यादी केली. उसाचा कारखाना. मानवत आणि सेलू येथील कापसाच्या जिनिंगचे कारखाने. गोदावरीवरचे बंधारे. कालव्याचे दरवाजे. मोटारी भरून देणारीं दुकानें. आणि रस्त्यालगतचें एक वर्कशॉप, जेथें ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आणि मळणीयंत्रें दुरुस्त होतात. त्या वर्कशॉपचे मिस्त्री माझ्या ओळखीचे. म्हणजे शेवटीं ओळखच लागली. पण ती गांवच्या मास्तराची होती, आणि मास्तरानें तेवढी खर्च करावयासच असते. मिस्त्री म्हणाले, "इंजिनियर होणारं पोरगं आमच्याकडं काय शिकणार? पण येऊं द्या."

तो सहा आठवडे तेथें बसला. पहिले आठ दिवस झाडलोट आणि पान्हे उचलून देणें. मग वेल्डिंगसाठीं पत्रे घासणें. मग मिस्त्रींनीं एक गिअरबॉक्स उघडून त्याच्यापुढें ठेवला. मीं त्याला एकच अट घातली होती. रोज रात्रीं वहींत लिहावयाचें : आज काय मोडलें, कां मोडलें, आणि तें कसें जोडलें. आकृति काढावयाची, मापें घालावयाचीं, आणि ज्याचें कारण कळलें नाहीं त्यापुढें प्रश्नचिन्ह करावयाचें. कॉलेज उघडल्यावर तीं प्रश्नचिन्हें घेऊन तो आपल्या प्राध्यापकांकडे गेला. श्नायडर साहेबांचा क्रम पाथरींत असा सुरू झाला! पुढच्या उन्हाळ्यांत त्यानें पुन्हां अर्ज केले, या वेळीं वहींतल्या चार पानांच्या नकला जोडून. एका कारखान्यानें बोलाविलें. तेथल्या इंजिनियरांनीं वही चाळली, एका प्रश्नचिन्हावर बोट ठेवलें आणि विचारलें, "याचं उत्तर पुढें मिळालं का?" त्याला दीड महिना काम मिळालें.

ही एका मुलाची गोष्ट झाली. त्याच्याच वर्गांतल्या, शेजारच्याच गांवच्या दोघांना अजून कोठें जागा मिळालेली नाहीं; त्यांच्याही वह्या आहेत. एका मास्तराची ओळख किती जणांना पुरणार? म्हणून शेवटीं माझी विनंती विद्यार्थ्यांना नाहीं, आपणांला आहे. आपणांपैकीं अनेकांच्या घरांत कारखान्यांत अधिकारावर असलेलीं माणसें आहेत. त्यांच्या टेबलावर अनोळखी मुलांचे अर्ज येतात. वर्षांतून निदान दोन जागा अशा ठेवा कीं, ज्यांसाठीं कोणाचीही शिफारस चालणार नाहीं. अर्ज वाचून आणि काम पाहूनच त्या भरा. आणि ज्यांना घेतां येत नाहीं त्यांना नकाराच्या दोन ओळी तरी पाठवा. पुण्याच्या शाळेला जें दार १८५४ सालीं परीक्षेच्या बळावर उघडतां आलें, तें एका कारखान्याला, एका खात्याला, एका अधिकाऱ्याला आज उघडतां येण्यासारखें आहे. त्याला कायद्याची वाट पाहण्याचें कारण नाहीं.

आणि आपल्या घरीं पहिल्या वर्षांतलें मूल असेल, आणि तें यंत्राजवळ जाऊं काय असें विचारीत असेल, तर "आधीं परीक्षा" हें वाक्य कृपा करून त्याला सांगूं नका. तें मीं पुष्कळदां सांगितलेलें आहे.